औषध चालू, म्हणून फिट

“डॉक्टर, एवढी एकच ओळ लिहा ना. ‘सध्या कोणतंही औषध चालू नाही.’ कोणाला कळणार आहे?”

समोर मृणाल बसली होती. गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवायची. मूळची नाशिकची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपूरला आलेली. तिला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी भलतंच उसळतं, कधी पार तळाला जातं. त्यात दारू. दोन गोळ्या चालू होत्या. लिथियम मनाचा तोल सांभाळतं, नाल्ट्रेक्सोन दारूची ओढ कमी करतं. छान चाललं होतं.

मग तिच्या दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कोणीतरी अक्कल पाजळली की गोळीसुद्धा नशाच. बाईंनी जोशात दोन्ही बंद केल्या. टाळ्या पडल्या म्हणे! महिन्याभरात झोप उडाली, बडबड वाढली, बाटली परत आली. एक दिवस ती पिऊन वर्गात गेली आणि कोचिंगने तिला तात्पुरतं घरी बसवलं. उपचार पुन्हा सुरू करून तिला उभं केलं, तर तिथल्या डायरेक्टरांना फिटनेस सर्टिफिकेट हवं, आणि त्यात ही ओळ.

“नाही लिहिणार,” मी म्हटलं.

“नोकरी गेली तर?”

मला संताप आला. तिचा नाही, त्या ओळीचा.

“हात पुढे कर बघू.” बोटं किंचित थरथरत होती. लिथियमने काहींना होतं तसं. “बोर्डावर लिहिताना हे दिसणार. कागदावर औषध नाही म्हटल्यावर लोक काय समजतील?”

ती हळूच म्हणाली, “प्यायलीय, असं.”

“आणि लिथियमसाठी रक्त तपासायला सुट्टी कशाची सांगून घेशील?”

तिने डोळे पुसले. “खरं तेच लिहा. पण सोबत चला. एकटी गेले तर रडेन मी.”

पेशंटच्या ऑफिसात मी कधी जात नाही. त्या दिवशी गेले.

डायरेक्टरांनी सर्टिफिकेट वाचलं. “मैडम, पेरेंट्स पूछते हैं. बस ये दवाई वाली लाइन हटा दीजिए.”

मी लेटरहेड काढलं आणि तिथेच दुसरं सर्टिफिकेट लिहिलं. दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. पहिल्यात होतं, औषध नियमित चालू, शिकवायला फिट. दुसऱ्यात, औषध बंद केल्यास अनफिट.

“एक चुन लीजिए. तीसरा मैं नहीं लिखूँगी.”

“आप तो ज़िद पर अड़ी हैं.”

“हो, अडलेय!” हे मराठीतच निघालं.

तेवढ्यात मृणाल बोलली. “सर, मेरा हाथ काँपेगा. दवाई से. शक हो तो मुझसे पूछिए, पीठ पीछे नहीं.” आवाज चढला होता, पण रडली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

त्यांनी पहिला कागद ठेवून घेतला. मोठी बॅच मात्र दिली नाही, दुपारची लहान दिली. ती अजून तिथेच शिकवते. गोळ्या स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत घेते.

मी आता पेशंटची हरकत नसेल तर औषधाचं वाक्य सर्टिफिकेटमध्ये सगळ्यात वर लिहिते. खाली लिहिलं की लोकांना ते खोडावंसं वाटतं.