भावोजींनी गप्प केलेली कुत्री

माझे भावोजी शिंपी आहेत आणि त्यांना आवाज सहन होत नाही. मशीनची घरघर दिवसभर चालते, ती ते आवाजात धरत नाहीत. आवाज म्हणजे जिवंत प्राण्याचा. ताईने भांडी जोरात ठेवायची नाहीत, गल्लीतल्या पोरांनी भोकाड पसरायचं नाही, मी काजं करता करता जरा गुणगुणले तरी त्यांचे डोळे चष्म्यावरून वर येणार. "मेव्हणीबाई, गिऱ्हाईक आहे." दुकानात चिटपाखरू नसलं तरी हेच. गिऱ्हाईक येण्याचा संभव त्यांना पुरतो.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा. ताई माझी थोरली बहीण. मी मागच्या गल्लीत राहते आणि हातशिलाईला रोज तिथे जाते. त्यामुळे या घरातलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडतं, आणि बोलायला जीभ आहेच. ती भावोजींना आवडत नाही, पण मेव्हणीची जीभ कोण कापणार?

चिंधी ही कुत्री त्यांच्याकडे आली ती कातरणाच्या ढिगात झोपलेली सापडली म्हणून. तपकिरी, एक कान मोडलेला, डोळे असे की रागावूच नये. भावोजींनी तिला जीव लावला, यात काडीचंही खोटं नाही. स्वतःच्या जुन्या कोटाचं तिला टेबलाखाली अंथरूण केलं. लस कधी चुकवली नाही. फिरायला नेताना पट्ट्याची शिवण आधी ओढून बघायचे, मगच उंबरा ओलांडायचे. रस्त्यात कोणी मोकळा कुत्रा घेऊन दिसला की त्याच्या मालकाला सुनवायचे. आवाज न करता सुनवायचे, पण सुनवायचे.

एकच खोड होती तिला. भावोजींनी माप घ्यायला गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप टाकली की चिंधी टेबलाखालून गुरगुरायची. चावणं नाही, धावणं नाही, नुसतं पोटातून गुर्र. गिऱ्हाईक पोट आत ओढून घ्यायचं आणि माप चुकायचं. मग भावोजी लाकडी पट्टी टेबलावर आपटायचे, फाट्, आणि म्हणायचे, "चूप!" तिला कधी मारली नाही. पण प्रत्येक गुरगुरण्याला पट्टी, प्रत्येक गुरगुरण्याला चूप. होता होता चिंधी गप्प झाली. गिऱ्हाइकाने डोक्यावर थापटलं तरी अळीमिळी गुपचिळी. भावोजी येईल त्याला सांगायचे, "हूं की चूं नाही. सुतासारखी सरळ केलीय."

अशा घरात माझी भाची, म्हणजे भावोजींची एकुलती एक लेक, तान्हं मूल घेऊन राहायला आली. जावईबापूंना कामासाठी काही महिने परगावी जावं लागलं होतं. तिची पोर, ठकी, नुकती रांगायला लागली होती. रांगणारं मूल आणि शिंप्याचं दुकान! टाचण्या, कात्र्या, गरम इस्त्री. आम्ही सगळं उचलून वर ठेवलं. जमिनीवर एक टाचणी राहू दिली नाही. चिंधीकडे मात्र कोणी पाहिलंच नाही. ती तर सरळ होती ना.

त्या दुपारी भाची आत अंघोळीला गेली होती, ताई चूल बघत होती. भावोजी बाही जोडत होते. मी बटणं लावत होते आणि ठकी माझ्या पायाशी होती, असं मी धरून चालले होते. बघते तर ती टेबलाखाली. चिंधीच्या मोडक्या कानाला दोन्ही मुठींनी धरून ओढतेय आणि हसतेय. चिंधी ताठ. तोंड भिंतीकडे, जीभ एकदा ओठांवरून फिरली, डोळ्यांचं पांढरं दिसलं. मला वाटलं, गुणाची ग बाई, किती सोसते. आणि तेवढ्यात काही आवाज न होता ती वळली. दातांवर दात आपटल्याचं फक्त ऐकू आलं.

झबल्याची बाही फाटून लोंबत होती. आत हात होता, गोरागोमटा, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मी तो कितीदा उलटसुलट करून पाहिला देव जाणे. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. ठकीने मग भोकाड पसरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भावोजी तिला चूप म्हणाले नाहीत. ते मशीनवरून उठलेच नाहीत. जोडायची बाही तशीच सुईखाली धरून बसले.

भाची ओल्या केसांनी बाहेर आली. तिने बाही पाहिली. ती आरडाओरडा करणारी नाहीच, याच घरात वाढलेली. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, एक तर ती तरी राहील, नाही तर आम्ही तरी."

"अगं, पण ती कधी साधी गुरगुरलीसुद्धा नाही," भावोजी म्हणाले.

"तेच तर. मला कळणार कसं?"

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. आमचं जुनं गिऱ्हाईक आहे, लाकडाच्या वखारीचे मालक. ते म्हणाले, द्या मला, फाटकाशी साखळीने बांधतो, राखण करील. ऊन, भुसा आणि दिवसभर करवतीचा किंचाळा. भावोजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. शिवायला टाकलेल्या विजारी न्यायला येईन तेव्हा तिलाही नेतो, असं वखारवाले सांगून गेले. तेव्हापासून वखारवाल्यांच्या विजारी शिवून होईनात. शिवून झालेली टीप भावोजी उसवायचे आणि पुन्हा घालायचे. मला दिसत होतं. याबाबतीत मी जीभ आवरली.

मधल्या काळात त्यांनी काय केलं, तर चिंधीसाठी मुसकं शिवलं. अस्तराचं मऊ कापड, कडेला दुहेरी शिवण, मागे बंद. ते घालून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी सोबत गेले, कारण भावोजी तिथेही गप्प बसले असते. बाईंनी मुसकं हातात घेऊन पाहिलं. "शिवण सुंदर आहे हो. पण यात तिला तोंड उघडून धापा टाकता येणार नाहीत. उन्हात जीव जाईल तिचा." मग त्यांनी चिंधीचा मोडका कान उलटला. आत लालभडक, पू. कान ठणकत होता बिचारीचा कधीपासून, आणि आम्ही तोंड शिवायला निघालो होतो. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

"आधी गुरगुरायची का?" बाईंनी विचारलं.

"आधी गुरगुरायची. मी ती सवय मोडली," भावोजी म्हणाले. अजूनही आवाजात थोडा अभिमान होता.

बाईंनी चिंधीचा कान अलगद सोडला. "काका, गुरगुरणं म्हणजे ती सांगत होती की मला हे नको, लांब व्हा. तुम्ही तिचं सांगणं बंद केलंत. नको वाटणं कुठे बंद झालं? मग तिच्याकडे उरले फक्त दात."

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, कारण हा माणूस चुकलेला मी कधी पाहिला नव्हता. पण नाही वाटलं. ते चिंधीच्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

"पुन्हा गुरगुरेल का ती?" त्यांनी विचारलं.

"कान बरा झाला, भीती गेली, तर कदाचित. खात्री नाही देता येत. मूल आणि कुत्रं दोघांनाच सोडायचं नाही, पापणी लवेपर्यंतसुद्धा नाही. मध्ये आडोसा हवा. तिची जागा तिची, तिथे मुलाने जायचं नाही. आणि गुरगुरली तर रागवायचं नाही. मुलाला उचलून लांब न्यायचं."

घरी आल्यावर भावोजींनी सुताराकडून उभ्या पट्ट्यांचा कठडा करून घेतला आणि टेबलाखालची जागा चिंधीला बंदिस्त करून दिली. लाकडी पट्टी आतल्या कपाटावर टाकली, कापड बेतायला लोखंडी आणली, आणि ती ठेवताना आपटू नये म्हणून खाली फडका. कानात औषध घालताना चिंधी विव्हळली तर म्हणायचे, "हो ग, दुखतंय, सांग, सांग." मी ऐकून हसले नाही, हे सांगून ठेवते.

पण ते दिवस कसे गेले ते विचारू नका. मशीन थांबलं की सगळ्यांच्या माना टेबलाखाली. ठकी कुठेय, चिंधी कुठेय. माझी सुई कापडात कमी आणि बोटात जास्त. चिंधीने जांभई दिली तरी ताई पोरीला उचलून घ्यायची, कारण बाई म्हणाल्या होत्या की ताण आला तरी कुत्री जांभया देतात. आणि गप्प असली की त्याहून धसका, कारण गप्प असतानाच तर तिने झडप घातली होती. भाची पोरीला कडेवरून खाली ठेवेना. तिची पाठ धरली. तिने एकदाच विचारलं, "बाबा, विजारी झाल्या का?" भावोजींनी मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही.

शेवटी वखारवाले स्वतःच आले. एका हातात साखळी. "काय मास्तर, विजारी शिवताय की विणताय?" म्हणत खुर्चीवर बसले आणि साखळी टेबलावर खळकन ठेवली. ठकी दचकली. पाठदुखीने भाचीने तिला मिनिटभर खाली ठेवलं होतं, भावोजींच्या अगदी हाताशी. ती दचकली ती तुरुतुरु कठड्याकडे गेली आणि पट्ट्यांमधून हात आत घातला.

चिंधी उठून बसली. तिने तोंड फिरवलं. ठकीचा हात आणखी आत गेला. आणि मग टेबलाखालून बारीक, खरबरीत, विसरलेल्या गोष्टीसारखं आलं. गुर्र.

"बघा!" वखारवाले उभे राहिले. "लेकराच्या अंगावर गुरगुरतेय! आणा ती इकडे."

भावोजींनी ठकीला केव्हाच उचललं होतं. चार पावलं मागे सरून ते टेबलाखाली वाकले. "शाब्बास," ते म्हणाले. "शाब्बास, बाळा. ऐकलं मी." त्यांचा चष्मा घसरला होता आणि डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचेना. चिंधीने अंग झाडलं आणि पुन्हा कोटावर जाऊन पडली. मी भाचीकडे बघितलं. ती दारात उभी होती, चेहरा पांढराफटक.

वखारवाले गोंधळले. पण माणूस वाईट नाही. वातावरण हलकं करावं म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, "ये ग ठके, ये माझ्याकडे. घाबरलीस?" आणि तिचा गाल चिमटीत धरला. ठकीने तोंड फिरवून आजोबांच्या खांद्यात खुपसलं आणि कुरकुरली.

"अगं, असं काय करतेस? वखारवाले आजोबा आहेत, जा..." भावोजी सवयीने म्हणाले, आणि मध्येच थांबले.

भाची लहान असताना याच खोलीत येणारंजाणारं गिऱ्हाईक तिचा गालगुच्चा घ्यायचं, मांडीवर ओढायचं. ती रडायला लागली की भावोजी डोळे वटारायचे. चूप, गिऱ्हाईक आहे. मग ती रडायची थांबली आणि ओठ चाटत, भिंतीकडे बघत बसून राहायला शिकली. गुणाची पोर, असं आम्ही सगळे म्हणायचो.

भावोजींनी ठकीच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या," ते वखारवाल्यांना म्हणाले. "तिला नको आहे."

भाची पुढे आली. तिने टेबलावरची साखळी उचलली, गुंडाळली आणि वखारवाल्यांच्या हातात दिली. "काका, ही घेऊन जा. चिंधी इथेच राहील. आम्ही लक्ष ठेवू." मग ती वडिलांकडे वळली. तिचा आवाज चढलेला होता, आत चुलीपाशी ताईला ऐकू जाईल इतका.

"हे माझ्या वेळी का नाही म्हणालात, बाबा?"

भावोजी तिला चूप म्हणाले नाहीत. पोरीला खांद्यावर घेऊन ते तिच्यासमोर उभे राहिले, आणि गिऱ्हाईक दुकानात असताना तिचं सगळं ऐकून घेतलं.