कंडक्टरबाईंचा लॅपटॉप

सत्तावीस वर्षं चालत्या बसमध्ये उभ्याने काढल्यावर कंडक्टरबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. घरी बसणं मात्र त्यांना दोन आठवडेही झेपलं नाही. कपाटं तीनदा आवरून झाली, तेव्हा मुलीने आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "आई, माझं कपाट सोड आणि हे शीक."

तिकिटं फाडून फाडून बाईंच्या बोटांना वेग होताच. चार महिन्यांत त्या न बघता टाइप करू लागल्या, आणि मुलीच्या ओळखीने त्यांना एका अभ्यास संस्थेचं काम मिळालं. बंद पडलेल्या कापड गिरणीत राबलेल्या चाळीस बायकांच्या मुलाखती संस्थेने रेकॉर्ड केल्या होत्या. त्या ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढायचा. अट एकच होती. नावं बाहेर फुटता कामा नयेत, कारण काही जणींनी घरातही कधी न काढलेल्या गोष्टी तिथे सांगितल्या होत्या.

बाई त्या कामात रमून गेल्या. "बसमध्ये जन्मभर अर्ध्याच गोष्टी ऐकल्या गं," त्या मुलीला म्हणाल्या. "ऐन रंगात आली की बोलणारी उतरून जायची. आता कोणी उतरत नाही."

पण घर दोन खोल्यांचं, त्यात मुलीची जुळी पोरं. एक झोपलं की दुसरं उठे, आणि दुसरं पहिल्याला उठवी. कानाला हेडफोन लावूनही काही ऐकू येईना. मग बाई लॅपटॉप काखोटीला मारून कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसू लागल्या.

तिथेच घात झाला. एका दुपारी त्यांना बाथरूमला जायचं होतं. शेजारच्या टेबलावर इस्त्रीच्या शर्टातला एक सभ्य गृहस्थ पेपर वाचत होता. बाई म्हणाल्या, "जरा लक्ष ठेवता का?"

"निश्चिंत जा, ताई," तो म्हणाला.

बाई परत आल्या तेव्हा टेबलावर त्यांचा कप होता, चष्म्याचं घर होतं. लॅपटॉप नव्हता आणि लक्ष ठेवणाराही नव्हता.

लॅपटॉप गेल्याचं दुःख होतंच, पण लाज त्याहून मोठी होती. भरल्या गाडीत कोणाचा हात कोणाच्या खिशाकडे चाललाय हे पाठमोरी उभी राहून ओळखणारी बाई, आणि तिने चोरालाच राखणीला बसवावं! घरी येऊन त्या बराच वेळ चपला न काढताच खुर्चीवर बसून राहिल्या.

मुलगी रागावली नाही. लॅपटॉपमध्ये तिच्या लग्नाचे फोटो होते, ते गेले. त्यावर ती एवढंच म्हणाली, "पासवर्ड मी घातला होता, आई. ती नावं तरी कोणाच्या हाती सहजी लागणार नाहीत." पण उतरवलेल्या सहा मुलाखती पाण्यात गेल्या, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाईंनी संस्थेतल्या मॅडमना स्वतः फोन करून झालं ते सांगितलं, काही लपवलं नाही. मग मॅडमनी विचारलं, "पुन्हा कराल?"

"पहिल्यापासून करते," बाई म्हणाल्या. "आणि या खेपेला कोणाच्या बापाला हात लावू देणार नाही."

त्यांनी कानाला खडा लावला. वापरलेला पण धडधाकट असा एक लॅपटॉप घेतला आणि सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत मुक्काम हलवला. जागा निवडली ती दारापासून लांब, पाठीला भिंत असलेली, म्हणजे मागून कोणी डोकावायला नको. तरी पडद्यावर एक काळसर फिल्म चिकटवली, बाजूने बघणाऱ्याला नुसता अंधार दिसे. लॅपटॉपला कुलपाची पोलादी वायर होती, ती त्या टेबलाच्या आडव्या दांडीला अडकवत. पिशवीचा बंद पायात घालून बसत. दर तासाला कामाची प्रत पेनड्राइव्हवर घेत, आणि तो पेनड्राइव्ह पिशवीत न ठेवता ब्लाउजच्या आत, जिथे पूर्वी बसमध्ये मोठ्या नोटा ठेवत तिथे. वाचनालयाचं फुकटचं वायफाय त्या वापरत नसत, इंटरनेट आपल्या फोनवरून घेत. बाथरूमला जायचं झालं की सगळं आवरून, कुलूप काढून, लॅपटॉप छातीशी धरून जात. परत येईपर्यंत त्यांची जागा हमखास गेलेली असे.

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी त्यांचं नाव 'तिजोरी' ठेवलं. "तिजोरी निघाली," असं कोणी पुटपुटलं की पाच-सहा खांदे हसून हलत. ग्रंथपालांनी तर एकदा वायरीकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, टेबलाला म्हैस बांधलीय का?"

"म्हैस निदान हंबरते तरी," बाई म्हणाल्या. "हा मुकाट्याने जातो."

शेजारच्या खुर्चीवर एक चष्मेवाली मुलगी बसे. ती कायद्याचा प्रबंध लिहीत होती आणि अधूनमधून लॅपटॉप उघडा टाकून फोनवर बोलायला बाहेर जाई. बाईंनी दोनदा टोकलं. ती हसून म्हणाली, "मावशी, इथे सगळे ओळखीचेच आहेत." तिसऱ्यांदा बाईंनी टोकलं नाही, पण एक डोळा तिच्या टेबलावर ठेवू लागल्या.

पस्तीस मुलाखती झाल्या होत्या. छत्तिसावी चालू असताना, भर सकाळी अकराच्या सुमारास, एक नीटनेटकी बाई हातात कागदांचा गठ्ठा घेऊन अभ्यासिकेत आली. टेबलांच्या मधोमध आली आणि तिच्या हातून गठ्ठा सुटला. कागद सगळीकडे पसरले. "अगं बाई! अहो, जरा मदत करता का?" सगळी अभ्यासिका खाली वाकली. चष्मेवालीही खुर्चीवरून उठून गुडघ्यांवर बसली.

कंडक्टरबाई वाकल्या नाहीत. गाडीत कोणाची चिल्लर सांडली की सगळे खाली बघतात, आणि नेमक्या तेव्हाच वरती काम होतं, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांचा हात आपल्या लॅपटॉपवर गेला आणि नजर वर. टोपी घातलेला एक माणूस चष्मेवालीच्या टेबलाशी आला, तिचा लॅपटॉप मिटला, वर्तमानपत्रात घातला आणि शांतपणे दाराकडे चालू लागला.

बाई उठून धावल्या असत्या, पण गुडघे धावण्यातले राहिले नव्हते. आवाज मात्र शाबूत होता.

"दार लाव!" त्या कडाडल्या. "कोणी उतरायचं नाही! टोपीवाला, जागेवर थांब!"

सत्तावीस वर्षं इंजिनाच्या घरघरीवर मात केलेला तो आवाज अभ्यासिकेच्या शांततेत तोफेसारखा फुटला. दाराशी बसलेल्या वॉचमनने काही न विचारता दार ओढून घेतलं. टोपीवाला तर खरोखर थांबला, एखादा फुकट्या प्रवासी थांबावा तसा. भानावर येऊन पळायला लागला तेव्हा उशीर झाला होता. परीक्षेची पोरं त्याच्याभोवती गोळा झाली होती. कागदवाली बाई हळूच मागच्या जिन्याकडे सरकत होती. तिच्याकडे न वळताच बाई म्हणाल्या, "आणि या ताईंनाही बसवा. दोघांचा प्रवास एकच आहे."

पोलीस येऊन दोघांना घेऊन गेले. वर्तमानपत्रातून लॅपटॉप निघाला, त्यावर ओरखडाही नव्हता. चष्मेवालीने तो उराशी धरला आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "तीन वर्षांचं काम होतं, मावशी. दुसरी प्रत नाहीये."

"मग रडणं नंतर. आधी प्रत काढ," बाई म्हणाल्या. आणि प्रत निघेपर्यंत तिच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

आठवडाभरात ग्रंथपालांनी सुताराला बोलावून प्रत्येक टेबलाला कुलपाची वायर अडकवायला पक्की लोखंडी कडी बसवून घेतली आणि बाईंना सगळ्यांसमोर बोलायची गळ घातली. जन्मात भाषण न केलेल्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी स्वतः चोराला 'लक्ष ठेवा' म्हणून गेले होते." ज्यांनी तिजोरी म्हणून खांदे हलवले होते ते आता वह्या उघडून बसले होते. कोणी विचारलं, घाईची लागली आणि आवरायला वेळ नसेल तर? "तर घाईची लागायच्या आधी उठायचं," बाई म्हणाल्या, आणि अभ्यासिका हसून लोळली.

महिनाअखेरीस चाळिसावी मुलाखत पुरी झाली. बाई स्वतः संस्थेत गेल्या आणि पेनड्राइव्ह मॅडमच्या हातात ठेवला. चाळीसच्या चाळीस, एकही नाव बाहेर गेलं नव्हतं. मॅडमनी चार-पाच पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यातल्या बायका बोलताना ऐकू येतात हो." मग त्यांनी खणातून पुढच्या कामाची फाइल काढली. बंद पडलेल्या बंदरातल्या हमालांच्या साठ मुलाखती.

बाईंनी फाइल पिशवीत टाकली, तिच्या बंदाचे मनगटाला दोन वेढे दिले, आणि त्या जिना एका हाताने कठडा धरून, पण ताठ मानेने उतरल्या.