पुतळ्यांना सोनेरी पानं

इंदुबाईची खोली आमच्या बमरोलीच्या गल्लीत माझ्या समोरच आहे. तिचा नवरा कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, कामाला होता. लकवा होऊन तो अंथरुणाला खिळला आणि पुढे तसाच गेला. मागे राहिल्या त्या इंदुबाई, एक खोली आणि दुपारभर तिथे जमणाऱ्या गल्लीतल्या बाया. साड्यांवर खडे नि टिकल्या चिकटवायचं काम त्या मिळून करत. मार्केटमधला व्यापारी पार्सल इंदुबाईकडे टाकायचा ते तिच्या एकटीच्या हातांसाठी नव्हे. एवढ्या बाया तिच्याकडे बसतात, माल वेळेवर निघतो, म्हणून. बाया आहेत तोवर तिची चूल पेटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत शिकवून आले की मीही तिथे टेकायची. हसणं, उखाळ्यापाखाळ्या, चहा. गल्लीत तेवढीच एक जागा होती जिथे पुरुषाचा आवाज नसायचा.

ह्या जागेत ग्रीक देव शिरले ते एका वाचनालयामुळे. गावातल्या एका ट्रस्टच्या वाचनालयाने ग्रीक कला आणि इतिहासावर प्रदर्शनं भरवायची ठरवली होती आणि प्रत्येक प्रदर्शनाचा एक कॅटलॉग छापला होता. पहिला भांड्यांवर, दुसरा नाण्यांवर, तिसरा पुतळ्यांवर. पहिले दोन बिनबोभाट निघाले. तिसरा छापून आला आणि देणगीदार शेठजींनी पाहिलं की आपलं नाव पहिल्या पानावर आहे आणि चौथ्या पानापासून सगळे उघडे. आता छापलेली पुस्तकं फेकवत नाहीत आणि वाटवत नाहीत. तेव्हा ट्रस्टी किशोरभाईंना अक्कल सुचली. लेहंग्यावर लावतात तसली सोनेरी पानं प्रत्येक पुतळ्याच्या नेमक्या जागी चिकटवायची. आणि चिकटवणार कोण, तर ज्यांचा हात बसलाय त्या बमरोलीच्या बाया. लाज शेठची आणि ती झाकायला आमच्या बाया.

पुस्तकांचे गठ्ठे आले. पहिल्या दिवशी बाया पदर तोंडाला लावून हसल्या, दुसऱ्या दिवशी हात चालू झाले, तिसऱ्या दिवशी कोणाला चित्रातलं काही दिसेनासं झालं. मी कॅटलॉग वाचून दाखवायची, हा कोण, ती कुठली देवी. इंदुबाई एकाच चित्रापाशी थांबायची. मुष्टियुद्ध करून बसलेला एक माणूस, नाक फुटलेलं, हातांना पट्ट्या, मान वळवून कोणाकडे तरी बघतोय. "हाऊ ते रातपाळी करीसन येल माणूस दिखस," ती तिच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली. "यानं काय झाकानं?" आणि तरी पान चिकटवलं, कारण काम घेतलं होतं.

मग सुकलाल आला. सुकलाल म्हणजे गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष, गणपतीला वर्गणी गोळा करणारा आणि वर्षभर दुसऱ्यांच्या अब्रूची राखण करणारा. त्याची बायको धुरपदाबाई त्याच खोलीत कामाला बसायची. तिला बोलवायला तो दारात उभा राहिला, एक पुस्तक उचललं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश पाहिलं आणि मग त्याला संताप आला. आधी नाही, सगळं पाहून झाल्यावर. इंदुबाई घराघरातल्या बाया नासवते आहे, असं त्याने संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई आली नाही. मग एकेकीला घरून बंदी झाली. पुस्तकं इंदुबाईने आणि मी मिळून संपवली, पण साड्यांचं पार्सल आलं तेव्हा खोलीत ती एकटीच होती. व्यापाऱ्याने एकदा उशीर सोसला आणि दुसऱ्यांदा बजावलं.

इंदुबाईने किशोरभाईंकडे मागितलं ते एकच. तुम्ही येऊन गल्लीत सांगा की पुस्तक वाचनालयाचं आहे, काम तुम्ही दिलंय, त्यात वाईट काही नाही. किशोरभाई गोड हसले. गल्लीत कशाला, म्हणाले, उद्घाटनाला सुकलालभाईंना घेऊन या, मी स्टेजवरूनच सांगतो.

इंदुबाई, सुकलाल आणि मी गेलो. एसी हॉल, फुलांच्या माळा, मधोमध प्लॅस्टरची एक देवी आणि तिच्याभोवती सेल्फी काढणारी माणसं. किशोरभाई माईकपुढे उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या श्रमिक भगिनींनी हे पुस्तक पाहिलं, त्यांना शरम वाटली, त्यांनी हात जोडून विनंती केली आणि आम्ही त्यांच्या संस्कारांचा मान राखला. त्यांनी इंदुबाईचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

बाहेर पडताना आणखी एक पाहिलं. टेबलावर पानं लावलेल्या प्रती होत्या आणि टेबलाखाली कोऱ्या, न झाकलेल्या. खास पाहुण्यांना खालच्या मिळत होत्या. सुकलालनेही एक मागून घेतली आणि पिशवीत घातली.

आणि गंमत अशी की त्या खोटेपणाने इंदुबाईचं भलंच होत होतं. सुकलाल एका रात्रीत फिरला. इंदुबाई म्हणजे गल्लीची लाज राखणारी बाई, मंडळातर्फे तिचा सत्कार, प्रमुख पाहुणे किशोरभाई. धुरपदाबाई स्वतः येऊन सांगून गेली की शाल घेतली की सोमवारपासून आम्ही सगळ्या येतो. मी म्हटलं, घेऊन टाका इंदुबाई, खांद्यावर घ्यायची आणि घरी यायचं.

मांडवात तिला पुढे बोलावलं. सुकलालने शाल उलगडली. इंदुबाईने हात आडवा धरला.

"हाई शाल माले नको. मी कोनलेच काही सांगं नही. माले ते चित्रं देखीसन लाज वाटनी नही. मना नवराले लकवा व्हयना, तो गया तवलगून त्यानं आंग मी धोयं. आंगनी काय लाज? लाज यासले वाटनी, अन् नाव मनं पुढे करं."

मांडवात बायाही बसल्या होत्या. सगळ्या जमिनीकडे बघत राहिल्या. सुकलाल क्षणभर शाल हातात धरून उभा राहिला, मग वळला आणि तीच शाल किशोरभाईंच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या.

इंदुबाई आता सचिन भागातल्या एका कारखान्यात कापडाच्या घड्या घालते. उजाडता जाते, अंधारात येते. व्यापाऱ्याची पार्सलं सुकलालच्या घरी उतरतात. बाया तिथे बसतात, हिशेब तो बघतो. संध्याकाळी इंदुबाई त्या दारावरून येते तेव्हा आतलं बोलणं थांबतं, आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू होतं.