तांड्यावरचा वाचनतास

इथे किस्से शोधावे लागतच नाहीत. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत दोन नवे तयार! दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावर मी पुण्याहून वर्षभरासाठी वाचन शिकवायला आलेय. पोरं घरी गोरमाटी बोलतात, पुस्तक मराठी, आणि मी पडले पुणेरी. होणारच ना!

*

पहिलाच दिवस. दुसरीतल्या रोहनने अख्खं पान धडाधड वाचलं. मी जाम खूश! विचारलं, "मग, गोष्टीत काय झालं?"

"म्याडम, तुमी वाच म्हटलं. समजून घे कुठं म्हटलं?"

*

त्याच वर्गातल्या पायलचं नेमकं उलटं. बकरीची गोष्ट गोरमाटीत अशी रंगवते की वर्ग लोळतो. पुस्तक उघडलं की तोंड बंद!

आमच्या राठोड सरांनी जाहीर केलं, "शुक्रवारी चाचणी. परिच्छेद वाचता नाही आला, तर पहिलीत बसायचं." पहिलीत पायलचा धाकटा भाऊ.

तिने माझा हातच धरला. "म्याडम, त्याच्या बाजूले मी नाही बसत! तो घरी सगळं सांगते!"

*

सर स्वतः तांड्यावरचेच. म्हणाले, "पहिलीत मले मराठी येतच नव्हतं. हजेरी ऐकून वाटे, शाळेत सगळ्यांचं आडनाव 'हजर'च हाये!"

*

मग मी पायलचीच बकरी, गोरमाटीतच, फळ्यावर लिहून घेतली. जोशात वाचूनही दाखवली! दारात डबा घेऊन आलेली तिची आई पदरात तोंड खुपसून हसायला लागली.

"बाई, कोणावर रागावून राह्यल्या तुमी?"

अक्षरं सगळी बरोबर, अर्थ शून्य, रोहनच्या मराठीसारखंच! पायलने माझ्या हातातली पट्टी हिसकावली आणि सगळं वाचलं, 'बें-बें'सकट. तेव्हापासून रोज आधी मराठीत गप्पा, मग मराठी वाचन.

*

शुक्रवार. चाचणी घ्यायला तालुक्याचे साहेब आले. परिच्छेद असा: शेतकऱ्याने भाकरी बांधली, बैल जुंपला, नाल्यात बैलाचा पाय रुतला. पायल अडखळत वाचत होती. 'भाकरी'ला 'बाटी' म्हणाली, तसं साहेबांचं पेन 'फक्त शब्द वाचते'च्या चौकटीवर, म्हणजे थेट पहिलीत!

सर घाईघाईने म्हणाले, "साहेब, तिच्या घरी तेच म्हणतात भाकरीले."

"कागदावर काय लिहिलंय ते बघा!"

पायल शेवटपर्यंत पोचली. कागद उलटला. कोरा.

"साहेब, पुढं?"

"पुढं काही नाही. चाचणी एवढीच. दे कागद."

"अन् बैल? नाल्यातच राह्यला?"

"अगं, संपलं ते!"

"नाही देत कागद! त्याले काढाले काहून कोणी गेलं नाही?"

साहेबांनी पेन 'फक्त शब्द'वरून उचललं. मग 'परिच्छेद वाचते'वर टिक मारली, पेन खिशात टाकलं, निघाले.

जीपमध्ये बसता बसता सरांना हळूच विचारतात, "निघाला असेल ना हो बैल?"