मायच्या बाजेवरून दिसणारा मॉनिटर

मालकाने मॉनिटरची वायर भिंतीतून उपटली तेव्हा माय हसत होती. लकव्याने तिचं अर्धं तोंड गेलंय, म्हणून ती अर्ध्याच तोंडाने हसते. झाडीपट्टीतलं नाटक चालू होतं. बायको लाटणं घेऊन नवऱ्याला शोधत होती आणि तो धान साठवायच्या ढोलीत लपला होता. स्क्रीन काळा झाला तरी मायचं हसू जरा वेळ तसंच राहिलं. मान वळवायला तिला वेळ लागतो. घरात कोण शिरलं ते तिला कळलंच नव्हतं.

"काय वो म्हातारे, सिनेमा चालू आहे काय?" मालक म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हे मी बिल्ट्या भरायले देल्लं का तुह्या मायच्या मनोरंजनाले?"

मनोरंजन. जसं काही आम्ही घरात दारू गाळत होतो.

मालकाचं ऑफिस गोंदियात आहे. राईस मिलमधून ट्रक निघतो तेव्हा मालासोबत बिल्टी, म्हणजे मालाची पावती, जाते. त्या बिल्ट्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम तो घेतो आणि घरी बसून करणाऱ्या बायांना वाटतो. कॉम्प्युटर माझा, जुना. मॉनिटर त्याने दिलेला. इथे मुर्रीला, आमच्या गावात, घरामागेच त्याच्या बापाच्या बांध्या, धानाची शेतं आहेत. माय तरुण होती तेव्हापासून त्या चिखलात वाकून तिने रोपं लावली, रोवणा केला. हा तेव्हा शाळेतही जात नव्हता. आज तो तिला एकेरीत बोलतो.

"रोवण्याले येत होती तवा बरी होती. आता मॅडम झाली."

शेजारच्या बाया दाराशी जमल्या. माय चांगल्या हाताने डोक्यावर पदर ओढू लागली. पदर लुळ्या अंगाखाली दबला होता. ती ओढत राहिली, तो निघेना. आणि मी, तिची लेक, हात जोडून म्हणत होते, "चुकलं भाऊ. पुन्हा नाही होनार."

त्याने मॉनिटर काखेत मारला. "तुमा लोकाइले जवळ केलं का डोक्यावर बसता." कोणत्या लोकांना ते त्याने सांगितलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ते समजलं.

खरं तर त्या दिवसाचं काम मी कधीच संपवलं होतं. पण हे कोणाला सांगणार? आमची खोली एकच. टेबलाच्या डाव्या अंगाला भिंतीशी मायची बाज. ती हलवली तर दार उघडत नाही. मालकाचा मॉनिटर असा की समोर बसलात तर ठीक, बाजूने पाहिलं की माणसांचे चेहरे काळेठिक्कर. म्हणून मी तो मायकडे फिरवून, मागून विटेचा तुकडा लावून ठेवायची आणि स्वतः मान वाकडी करून बिल्ट्या भरायची. मायला दिवसभरात तेवढंच होतं.

त्यानंतर माय भिंतीकडे तोंड करून पडली. भात भरवायला गेले तर ओठ मिटायची. "मह्यामुळं तुह्यं काम गेलं," एवढंच म्हणायची. ती अशीच पडल्या पडल्या जाईल अशी मला धास्ती बसली. भिशी लागली होती. ती उचलली आणि गोंदियाला दुकानात गेले.

"दीदी, काम के लिए चाहिए या मनोरंजन के लिए?" दुकानातल्या पोराने विचारलं. बिचारा सगळ्यांनाच विचारत असेल. माझ्या तोंडातून निघालं, "काम के लिए. सिर्फ काम के लिए."

मालक तिथे नव्हता. पैसा माझा. तरी मी चोरासारखी खोटं बोलले. मग मला स्वतःची अशी शिसारी आली की काय सांगू. मायने उन्हात, चिखलात हाडं झिजवली तेव्हा कोणी विचारलं नाही कशासाठी म्हणून. ती घडीभर हसली तर यांच्या पोटात दुखलं. आणि मी त्यांच्या वतीने माझ्याच मायवर पहारा देत होते.

"मनोरंजन के लिए भी," मी मोठ्याने म्हटलं. "मेरी माँ देखेगी. लेटे-लेटे, बाजू से."

त्याने एकेक मॉनिटर लावून दाखवला. मी प्रत्येकासमोर बसून आधी अक्षरं वाचली, मग डाव्या अंगाला जाऊन फरशीवर उकिडवी बसले. मायचं डोकं बाजेवर तेवढ्याच उंचीला असतं. एक गिऱ्हाईक हसलं. "बहनजी, मॉनिटर सामने से देखते हैं." मी उठले नाही. एकाच्या चकचकीत काचेत दुकानातल्या ट्यूबलाइटच दिसत होत्या. आमचं तर दारच समोर, त्यात सगळी गल्ली दिसली असती. दुसरा वाकडा, कमानीसारखा. बाजूने त्याची कडच आडवी येत होती. तिसऱ्यात बिल्टीचे बारीक आकडे स्वच्छ दिसले आणि खालून, बाजूने पाहिलं तरी चेहरे चेहऱ्यांसारखेच राहिले. "इसमें आईपीएस पॅनल है," पोरगा म्हणाला. असेल. मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. "ऐकलं, मॉनिटर घेतला म्हनून. चांगलं केलं. ऑफिसात ये, सगळ्यायसमोर चूक झाली म्हन, अन काम घेऊन जा."

"चूक नाही झाली, भाऊ."

"काय म्हनली?"

"मायनं नाटक पाह्यलं, ते चूक नाही. तुमी घरात घुसून वायर उपटली, ते चूक आहे."

फोन कापला. काम आता कायमचं गेलं. दोन मिलमध्ये विचारायला गेले, तर मी पोचायच्या आधीच त्याचा निरोप पोचलेला.

इकडे घरी मी नवा मॉनिटर जोडला, मायसाठी दुसरं एक नाटक लावलं. तिने पाहिलं नाही. "बंद कर बाई. भाऊ येईन."

"हा आपला आहे, माय. त्याचा काही संबंध नाही."

"आपला असला तरी. कोनी पाहीन त?"

मग मात्र मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मालक घरातून गेला होता, मायच्या मनातून गेला नव्हता. तिथून त्याला कसा काढायचा ते मला आजही समजत नाही. घरातला तांदूळ संपत आला आहे. आता काम मागत दूर सालेकशापर्यंत जाणार आहे. जिथे जाईन तिथे कोणी विचारायच्या आधीच सांगणार, मॉनिटर माझा आहे. सकाळी त्यावर तुमचं काम होईल, दुपारी माझी माय नाटक पाहील. नाही म्हणाले तर पुढचं दार.

रोज दुपारी मी नाटक लावते. दार सताड उघडते, आवाज गल्लीत जाईल इतका वाढवते. माय अजून भिंतीकडेच तोंड करून असते. "बंद कर," म्हणते. मी बंद करत नाही.