दाभाडे सरांची मुलाखत

दाभाडे सर मुलांना नावानं हाक मारत नसत, भविष्यानं मारत. "ए रोबोटिक्स, शर्ट खोच." "डेटा सायन्स, मागं काय चाललंय?" निगडीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते प्लेसमेंट बघायचे, म्हणजे मुलांना नोकऱ्या लावून द्यायचे. कोणाचं भवितव्य कशात आहे, हे ते चेहऱ्यावरून ठरवत. मी पहिल्या वर्षी रोबोटिक्स होते, दुसऱ्या वर्षी डेटा सायन्स झाले आणि तिसऱ्या वर्षी, पेपरात काहीतरी छापून आल्यावर, बॅटरी.

"याला स्कोप आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. स्कोप म्हणजे नेमकं काय, हे विचारायची आमची छाती नव्हती. एकदा मी भीतभीत म्हटलं, "सर, मला भूगोल आवडतो. नकाशांचं काम करावंसं वाटतं."

घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"कंपनीत फिटर आहेत."

"मग त्यांचा तरी विचार कर."

एकदा त्यांनी आम्हाला चाकणला कारखाना दाखवायला नेलं. काचेपलीकडे यंत्रांचे हात गाड्यांच्या सांगाड्यांचं वेल्डिंग करत होते. सर भारावून म्हणाले, "बघा, हे तुमचं भविष्य."

चिखलीचा सागर म्हणाला, "सर, पण आत मानूस एक बी दिसत न्हाई."

"म्हणूनच सांगतो, तयारी जोरात करा," सर म्हणाले.

चौथ्या वर्षी कॉलेजनं प्लेसमेंटसाठी एक ॲप घेतलं. ते मुलांचा कल सांगायचं, बायोडेटा लिहून द्यायचं आणि रजा मागायचं नाही. सत्र संपलं की सरांची नोकरी संपणार होती. मला तोवर बॅटरीच्या एका कंपनीनं निवडलं होतं.

एका दुपारी सर कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. "वैशाली, एक काम होतं." त्यांना माझं नाव माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. "एका कंपनीत ट्रेनिंगची जागा आहे. परवा मुलाखत. माझी जरा तयारी करून घेशील? फार वर्षं झाली गं."

मी त्यांचेच प्रश्न त्यांना विचारत गेले. सर धडाधड उत्तरं देत होते. मग मी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" याचं उत्तर त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतलं होतं. सरांनी चहाचा कप बाजूला सारला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सांगताना वाटायचं, आपण तर पोहोचलोय."

"सर, हे तिथं बोलू नका."

"छे, छे."

बोललेच ते. मुलाखत झाल्यावर त्यांचा फोन आला. "नाही घेतलं. पण त्यांच्यातला एक जण म्हणाला, मलाही माहीत नाही. मग आम्ही दोघं बोलतच बसलो. बाहेर बाकीचे उमेदवार खोळंबले." आणि सर हसले. त्यांचं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले. मी त्यांना सांगितलं, "ही नोकरी धरायच्या आधी मला थोडं शोधायचंय. काय, ते अजून माहीत नाही." सरांची हकीकतही सांगितली.

बाबा म्हणाले, "कंपनीत लागलो तेव्हा तुला काय करायचंय, असं मला कुणी विचारलंच नव्हतं." पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला. "रविवारी सरांना जेवायला बोलाव. एकटे बसले असतील."