मूळ घरासमोरचा फोटो

किल्लारीत महादेवच्या दारात आमची जीप उभी होती आणि महादेव फोटोला उभा राहायला तयार नव्हता. काका नकोत असं त्याचं म्हणणं नव्हतं. काकांना त्यानं ओट्यावर सतरंजी टाकून बसवलं होतं. त्याची बायको रेखा हिनं चहा दिला होता. फक्त काकांच्या शेजारी घरासमोर उभं राहायचं नाही आणि सही तर मुळीच करायची नाही, एवढंच तो सांगत होता. आणि तेवढं झाल्याशिवाय मला काकांना तिथं सोडता येत नव्हतं.

मी नांदेडला बेघरांच्या निवाऱ्याचा व्यवस्थापक आहे. निवारा म्हणजे ज्यांना छप्पर नाही त्यांना झोपायला जागा, गादी आणि जेवण. पैसा सरकारचा, चालवते आमची संस्था. स्टँडवर, पुलाखाली झोपणाऱ्यांना आणायचं, आणि ज्याचं गाव-नातलग सापडतील त्याला परत पोचवायचं. या पोचवण्याला कागदावर ‘पुनर्मीलन’ म्हणतात. त्याचं दर महिन्याला टार्गेट असतं.

पोचवलं याचा पुरावा म्हणजे जीओटॅग फोटो. काढताना मोबाईल जागा आपोआप नोंदवतो, त्यामुळे दुसरीकडे काढून खपवता येत नाही. पूर्वी काही जण माणसाला तालुक्याच्या स्टँडवर उतरवून परत यायचे. म्हणून नियम आला: लाभार्थी स्वतःच्या मूळ घरासमोर, घरच्या माणसासोबत उभा पाहिजे, आणि घरच्या माणसाची सही पाहिजे. नियम वाईट नाही. ज्यानं केला त्याच्या डोळ्यांसमोर एक घर होतं, इतकंच.

आमच्या लाभार्थ्याचं नाव शिवलिंगअप्पा. आयुष्य अर्धापूरला केळीच्या गाड्या भरण्यात गेलं. खांद्यावर घड आणि गाडीत केळीच्या पाल्यावर नीट थर, हे त्यांचं काम. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. भूकंपात किल्लारीचं घर पडलं. नव्या गावठाणात घरं मिळाली तेव्हा दोघा भावांचं कुटुंब एकच धरलं गेलं आणि घर थोरल्याच्या नावावर लागलं. अप्पांनी तक्रार केली नाही. कामाला अर्धापूरला गेले ते तिकडचेच झाले. थोरला भाऊ वारल्यावर गावाकडं जाणंही सुटलं. पुढं गुडघा गेला, घड उचलेना, आणि अप्पा नांदेडच्या स्टँडवर झोपायला लागले. तिथून आमच्याकडं आले.

गावी का जात नाही, हे मी विचारलं होतं.

“कमवत व्हतो तवाच जाणं सोडलं. आता गुडघा गेल्यावर कोणत्या तोंडानं जाऊ?”

मीच नंबर मिळवून महादेवला, म्हणजे त्या थोरल्या भावाच्या मुलाला, फोन केला. तो लगेच म्हणाला, आणा की. अप्पांनी दोन दिवस दाढीसाठी न्हाव्याच्या चौकशा केल्या. निघताना स्वतःची ताटली-वाटी शेजारच्या गादीवाल्याला देऊन टाकली. लातूर ओलांडल्यावर ते खिडकीबाहेरच बघत राहिले.

आता ओट्यावर बसून ते आमचा तमाशा बघत होते.

महादेवला मी हौदाजवळ बाजूला घेतलं. काय अडचण आहे ते सरळ सांगा म्हटलं. तो सरळच बोलला.

“सर, काका ऱ्हावू द्या जलमभर. दोन भाकरी जड न्हाईत. पण तुमच्या मोबाईलमधी काय लिवलंय? ‘लाभार्थीचे स्वतःचे घर’. त्याच्याम्होरं मी हुबा राहून सही करायची. सरकारी बोर्डाची जीप दारात हाय, सगळी गल्ली बघून राहिली. उद्या काका गेल्यावर कोणी दुसरा वारस आला, म्हणला अर्धं घर काढ, तर?”

मालकीशी याचा काही संबंध नाही, असं मी समजावलं.

“मग लिवलंय कशाला?”

गल्लीतले एक रिटायर्ड गुरुजी काही न विचारता पुढं आले. सही कुठंच करू नये, असं त्यांचं साधारण मत होतं. त्यांनी एकदा सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर केली होती आणि पुष्कळ वर्षं पस्तावले होते.

मी नांदेडला मॅडमना फोन लावला. मॅडम आमच्या प्रकल्प अधिकारी. वयानं माझ्या मुलीएवढ्या, कामाला चोख.

“मॅडम, तो ‘स्वतःचे’ शब्द तेवढा काढता येईल का?”

“सर, तो ड्रॉपडाऊन आहे. दोनच पर्याय आहेत. स्वतःचे, नाहीतर भाड्याचे.”

“मग भाड्याचे टाकू?”

“टाका. पण भाडेकरार जोडावा लागेल.”

चुलत्या-पुतण्यांचा भाडेकरार. मी विचारलं, तसाच सोडून येऊ का? त्या म्हणाल्या, फोटोशिवाय सोडलं तर रेकॉर्डला माणूस हरवला असं धरलं जाईल आणि जबाबदारी तुमच्यावर येईल. त्यांचंही खोटं नव्हतं. नियमाप्रमाणं मला अप्पांना परत न्यायचं होतं.

अप्पांना ते सांगायला मी ओट्याजवळ गेलो. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

“न्या माघारी. पण निवाऱ्यात नका उतरवू, स्टँडवरच उतरवा. समद्यांना सांगून आलोय मी.”

रेखा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. महादेव खाली बघत होता. सलीमभाई, आमचे ड्रायव्हर, उगाच जीपची काच पुसायला लागले. मला आठवलं की अप्पांची ताटलीसुद्धा आता निवाऱ्यात नव्हती.

अप्पांनी कप खाली ठेवला. “सर, तुमाला माझ्याच घराचा फोटो पायजे ना?”

“हो.”

“मग हितं कशाला काढून राहिले? हे माझ्या भावाचं घर हाय. आता महादेवचं. माझं घर हितं कवाच नव्हतं. चला, दावतो.”

आम्ही जीपनं जुन्या गावठाणाकडं निघालो. महादेव मोटारसायकलवर मागं आला. तिकडं आता वेड्या बाभळी आणि दगड. मला तरी एक ढिगारा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता आला नसता. अप्पा काठी टेकत उतरले. नसलेल्या गल्लीतून चालायला लागले. नसलेल्या कोपऱ्यावर वळलेसुद्धा. मधेच थांबून म्हणाले, हितं पाटलाची म्हैस आडवी बसायची, आणि खरोखर तेवढा वळसा घालून पुढं गेले. सलीमभाईंनीही घातला.

एका जागी त्यांनी काठीनं पाला बाजूला सारला. मातीत अर्धं गाडलेलं दगडी उखळ होतं.

“हे आईचं. म्हंजे आपण सैपाकघरात हाव. पायताणं काढा.”

आम्ही काढली. काटे होते, तरी काढली.

महादेव लांब उभा होता. भूकंप झाला तेव्हा तो पाळण्यात होता, त्यामुळं हे घर त्यानं फक्त ऐकलेलं. तो हळूहळू जवळ आला, वाकला, उखळातली माती हातानं काढायला लागला.

“आज्जी ह्याच्यातच मिरच्या कुटायची का?”

“हाव. आन् तुझा बाप शिंकत पळायचा.” मग अप्पा त्याच्याकडं बघून म्हणाले, “हे घर दोघा भावांचं व्हतं. ह्याच्यात तुझा अर्धा वाटा हाय. पायजे का?”

महादेव हसला, आणि मग त्याला हसता येईना. तोंड फिरवून त्यानं नाक पुसलं आणि न सांगता काकांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मी फोटो काढला. ॲपनं गाव किल्लारी म्हणून पहिल्याच झटक्यात घेतला. ‘स्वतःचे’ हा पर्याय मी निर्धास्त मनानं दाबला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी बरोबर नोंद मी क्वचितच केली असेल. सही जीपच्या बॉनेटवर झाली. परत जाताना अप्पा जीपमध्ये बसले नाहीत. महादेवच्या मागं मोटारसायकलवर बसले, काठी आडवी धरून.

पंधरा दिवसांत वरून क्वेरी आली. क्वेरी म्हणजे शंका, पण तिला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. ‘फोटोत घर दिसत नाही.’ मी लिहिलं, घर भूकंपात पडलं आहे. दुसरी क्वेरी आली: ‘मूळ घर अस्तित्वात नसल्याने लाभार्थी बेघर आहे. त्यास तात्काळ निवाऱ्यात दाखल करून घ्यावे.’

मी महादेवच्या नंबरवर फोन लावला. रेखानं उचलला. तिची तक्रार होती की काकांनी केळी पिकवायला घरभर पसरलीत आणि कुणाला हात लावू देत नाहीत. मग अप्पा फोनवर आले. मी त्यांना सांगितलं, कागदावर तुम्ही अजून बेघर आहात, तुम्हाला परत न्यायचा आदेश आहे.

“या की. आदल्या दिशी फोन करा, रेखा पुरण घालती.”

मी तिसरं उत्तर लिहिलं: लाभार्थी निवाऱ्यात येण्यास तयार नाही. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

त्याच महिन्यात आम्ही आणखी काही जण पोचवले. एकाचा फोटो तर फार देखणा आला होता: गिलावा केलेलं दुमजली घर, घराला नाव, दारात मुलगा आणि सून, दोघं हसताहेत. तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला निवाऱ्यात हजर होता. मी त्याची गादी कुणाला दिली नव्हती. तेव्हापासून फोटो चांगला आला की मी आठवडाभर गादी राखून ठेवतो.

महिन्याचा रिपोर्ट गेला. तो गृहस्थ त्यात यशस्वी आहे. बाकीचेही यशस्वी आहेत. अयशस्वी एकच केस आहे, ती शिवलिंगअप्पांची.